हातचा

डुलुथला एप्रिलात सरोवरावर अजून बर्फ असतो
आणि माझ्या टेबलावर फॉर्म.
सोळा वर्षं मी इथे वजाबाकी करते:
वर वर्षाचा खर्च, फी, खोली, जेवण, पुस्तकं,
खाली घरचा हातभार.
रेघ मारायची.
उरेल त्याला आमच्याकडे गरज म्हणतात.

किती नीटनेटका शब्द.
दोन दशांश स्थळांपर्यंत बसतो.

मारेन हाल्वरसनची गरज शून्य आली.
काउंटरपलीकडे उभी होती,
दातांनी हातमोजे ओढून काढत.
"बाबांचा पगार धरलाय तुम्ही."
धरलाय. फॉर्म गेल्याच्या गेल्या वर्षाचं विचारतो,
आणि त्या वर्षी तिचे बाबा
लोहखनिजाच्या जहाजावर होते, ओव्हरटाइमसकट.
मग एका नोव्हेंबरात तळघराचं झाकण निसटलं,
उजव्या हातावर.
आता ते स्वयंपाकघरात बसून
डाव्या हाताने बटाटे सोलायला शिकतात.
"तुमच्या फॉर्मात," ती म्हणाली,
"ते अजून जहाजावरच आहेत. घरी आलेच नाहीत."

मी तिला दुसरा कागद दिला. अशा वेळेसाठी असतो एक.
त्याचं नाव 'विशेष परिस्थिती'.
तीनशे शब्दांत सांगायचं, काय गेलं.
डॉक्टरांचं पत्र, कंपनीचं पत्र,
बँकेचे मागचे तीन महिने,
आणि ज्याचं गेलं त्याची सही.

आठ दिवस आली नाही.
मला ठाऊक आहेत ते आठ दिवस.
कागद जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली.
आई म्हणते, करून टाक. मुलगी काहीच म्हणत नाही.
आणि जन्मात कुणाचं डॉलरभर देणं न ठेवलेला माणूस
वाचतो:
'माझे वडील आता कमवू शकत नाहीत.'
मुलीच्या अक्षरात. सुरेख अक्षर.
त्यानेच गिरवून घेतलं असेल.

नवव्या दिवशी कागद आला.
यंत्राने परत पाठवला:
सही जुळत नाही.

जुळेल कशी.
एच कलंडलेला, शेवटचा एन चौकटीबाहेर गेलेला,
पहिलीतल्या पोराने पाटीवर नाव काढावं तशी.

वजाबाकीत वरचा आकडा अपुरा पडला
की शेजारच्या घरातून हातचा घ्यायचा,
एवढं बाईंनी शिकवलं होतं मला.
तो परत करायचा का, कधी करायचा,
हे त्या बोलल्याच नाहीत.
माझ्या शिक्षणाचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत.

नियमावलीत एक कलम आहे, अधिकाऱ्याच्या तारतम्याचं.
फार वापरू नये म्हणतात.
मी समासात लिहिलं:
माणूस तोच आहे. हात दुसरा आहे.
खाली माझी सही ठोकली,
उजव्या हाताने, न बघता.

मिळालं ते काही घबाड नव्हतं.
अनुदान थोडं, जे फेडावं लागत नाही.
कर्ज त्याहून जास्त,
जे पदवीनंतर सहा महिने गप्प बसतं आणि मग दार वाजवतं.
शिवाय आठवड्याला दहा तास काम.
ते आमच्याच ऑफिसात निघालं.

आता सप्टेंबर. मारेन माझ्या शेजारी पाकिटं फोडते,
पत्रं लावते, सह्या ताडून बघते.
काल एका सहीवर बराच वेळ थांबली.
मला दाखवली नाही.
उठून कोपऱ्यातल्या फोनवर नंबर फिरवला
आणि हलक्या आवाजात विचारलं,
"घरी सगळे बरे आहेत ना?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच फॉर्मात नाही.
मी घड्याळाकडे पाहिलं, बोलले काही नाही.
तिचे दहा तास केव्हाच संपले होते.